गिअरचे सेटिंग, डिझेलचा हिशेब आणि ड्रायव्हरचा पगार

(मराठी भाषिक रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात इटारसी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी मला आठव्या वेतन आयोगावर बोला असे सांगितले होते. त्या विषयावर काल दोन भाषणे झाली, आणि माझ्यापेक्षा चांगली झाली. तेव्हा त्यांची परवानगी घेऊन मी आज गिअरबॉक्सवर बोलणार आहे. मागच्या रांगेत कोणीतरी हसले. हसा. मलाही पंधरा दिवसांपूर्वी कोणी सांगितले असते की युनियनचा सेक्रेटरी अभ्यासवर्गात गिअरबॉक्स शिकवणार, तर मीही हसलो असतो.

झाले असे. गेल्या पावसाळ्याच्या आधी टपाल खात्यातले आपले एक ड्रायव्हर सहकारी माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन आले. गाव कोणते, कार्यालय कोणते ते मी सांगत नाही. त्यांच्याकडे ऑटोमॅटिक गिअरची एक गाडी होती, डिझेलची. जुन्या साध्या गिअरच्या गाडीपेक्षा ती लिटरमागे बरेच कमी किलोमीटर चालली. त्यावरून त्यांना नियम १६ चे चार्जशीट मिळाले, आणि पुढे पगारातून वसुलीचा हुकूम निघाला. ते मला म्हणाले, "भाऊ, साहेब म्हणतात ऑटोमॅटिक गाडीत ड्रायव्हरला काही करायचंच नसतं. क्लच नाही, गिअर नाही. मग डिझेल गेलं कुठं? विकलं असशील."

विकलं असशील! बावीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला हे ऐकावे लागले. आणि त्यांच्याजवळ उत्तर नव्हते, कारण गिअर आपोआप पडतो म्हणजे नेमके काय होते हे त्यांना कोणीच सांगितलेले नव्हते. साहेबांनाही ते माहीत नव्हते. फरक इतकाच की साहेबांच्या अज्ञानाची वसुली होत नाही.

त्यांचे उत्तर काय निघाले ते मी शेवटी सांगतो. आधी यंत्र समजून घेऊ. मी इंजिनिअर नाही. मॅट्रिक पास होऊन १९८९ साली डिझेल शेडमध्ये खलाशी म्हणून लागलो, पुढे फिटर झालो. हाताला ग्रीस लागून जे कळले तेवढेच सांगणार आहे.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकाला वीज द्या, दुसऱ्याला देऊ नका. पहिला फिरू लागला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दोघांमध्ये दांडा नाही, साखळी नाही, फक्त वारा. आता वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात समोरासमोर बसवा. पहिला पंखा इंजिनाला जोडा, दुसरा चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला. ही झाली फ्लुइड कपलिंग. दोन पंख्यांच्या मध्ये तेल वळवून परत नीट दिशेने पाठवणारी स्थिर पात्यांची तिसरी चकती बसवली की तो टॉर्क कन्व्हर्टर झाला. कन्व्हर्टर गाडी उचलताना इंजिनाचा जोर वाढवून देतो. जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगर नावाच्या इंजिनिअरने ही कल्पना १९०५ साली काढली ती जहाजांसाठी. आज ती ऑटोमॅटिक मोटारींत आहे आणि हायड्रॉलिक ट्रान्समिशनच्या रेल्वे इंजिनांतही आहे.

आता यातली मेख पाहा. दुसरा पंखा हाताने धरून ठेवा. पहिला फिरतोच आहे, वीज खातोच आहे, पण दुसरा हलत नाही. सगळी वीज वाया. कन्व्हर्टरचेही तसेच. गाडी उभी आहे, गिअर टाकलेला आहे, ब्रेकवर पाय आहे, अशा वेळी इंजिन तेल घुसळत राहते. त्या घुसळण्यातून काम शून्य होते, आणि खर्च झालेले इंधन तेल तापवण्यात जाते. गाडी चालू लागली की काही भाग चाकांपर्यंत पोहोचतो. कन्व्हर्टर त्याच्या सर्वांत सोयीच्या वेगात असला तरी शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशीच पुढे जातात. कपलिंग मात्र वेग जुळल्यावर पंच्याण्णवच्या वर जाते. आणि दोन पंखे लोखंडाने एकमेकांना घट्ट जोडले तर मध्ये काही गळतच नाही. म्हणजे ऑटोमॅटिक गाडी डिझेल किती खाईल हे बऱ्याच अंशी यावर ठरते की ती तेलावर किती वेळ चालते आणि लोखंडावर किती वेळ चालते.

आता माझ्या शेडमधली गोष्ट सांगतो. साल १९९६. यार्डात डब्ल्यूडीएस-४ जातीची शंटिंग इंजिने होती. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असतील, चित्तरंजनच्या कारखान्यातली ती बुटकी इंजिने. त्यात सुरी ट्रान्समिशन होते. हे सुरी म्हणजे आपल्याच रेल्वेतले इंजिनिअर मनमोहन सुरी. वेग कमी असताना कन्व्हर्टर आणि वेग वाढला की कपलिंग, अशी जोडणी त्यांनी बसवली. त्यांना १९६२ साली भटनागर पारितोषिक मिळाले, आणि पुढे ते दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी संशोधन संस्थेचे संचालक होते. रेल्वेत शिकलेल्या माणसाचे नाव यंत्राला लागले, हे मी प्रत्येक नव्या अप्रेंटिसला सांगत असे.

त्या इंजिनाला दोन चाली होत्या. एक यार्डासाठी, तिच्यात वेगाची हद्द ताशी २७ किलोमीटर. दुसरी लाईनसाठी, हद्द ६५. एक दांडा या बाजूला की शंटिंग, त्या बाजूला की लाईन. इंजिन उभे असतानाच तो बदलायचा. आपल्या मोटारीतल्या सेटिंगसारखेच ते सेटिंग.

एका शंटरला डिझेल जादा जाळल्याबद्दल एस.एफ. ११ मिळाले. त्याच यार्डात, त्याच पाळीत, दुसरी इंजिने ठरल्या प्रमाणात डिझेल घेत होती. हेच इंजिन तेवढे जास्त मागे, मग ते कोणीही चालवो. पण कागदावर नाव आले त्या शंटरचे, कारण त्या महिन्यात त्याच्या पाळ्या जास्त होत्या. मी त्या इंजिनावर चढलो तेव्हा ट्रान्समिशनच्या तेलाचा काटा चढलेला होता. यार्डात ताशी आठ-दहा किलोमीटरने डबे ढकलणाऱ्या इंजिनाचे तेल असे का तापावे? मग दांडा पाहिला. तो लाईनच्या बाजूला होता आणि हलत नव्हता. खालची जोडणी वाकून अडकली होती.

म्हणजे काय झाले ते पाहा. शंटिंगच्या चालीत दहाच्या वेगाला दुसरा पंखा बऱ्यापैकी वेगात फिरतो, कारण चाकांपर्यंतची दातेरी चक्रे तशी आहेत. लाईनच्या चालीत त्याच दहाच्या वेगाला दुसरा पंखा अर्ध्याहून कमी वेगाने फिरतो. पहिला जोरात, दुसरा रेंगाळत. कन्व्हर्टर आपल्या सोयीच्या वेगाच्या कितीतरी खाली. शंटर तेवढाच माल ढकलण्यासाठी हँडल एक-दोन घरे पुढे ओढणार, आणि त्या जादा डिझेलने तेल तापणार. शंटरने चोरी केली नव्हती, आणि वाईट चालवलेही नव्हते. लोखंडाचा एक दांडा वाकला होता, एवढेच.

पण हे सिद्ध कसे करायचे? इथे मी तुम्हाला खरे सांगतो, त्या माणसाला माझ्या हुशारीने वाचवलेले नाही. त्याच्याआधीच्या पाळीतला एक म्हातारा ड्रायव्हर होता, भुसावळकडचा, अक्षर अगदी मोत्यासारखे. त्याने दुरुस्तीच्या वहीत तीनदा लिहून ठेवले होते की चालीचा दांडा फिरत नाही. तारीख, वेळ, सही. तीनदा. शेडने तीनदा "पाहिले, ठीक" असे लिहून इंजिन बाहेर काढले होते. ती तीन पाने आम्ही उत्तराला जोडली. शिक्षा टळली. दांडा दुरुस्त झाल्यावर त्या इंजिनाचे डिझेल दुसऱ्यांच्या बरोबरीला आले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल सेक्रेटरी फक्त आपल्या माणसांची तरफदारी करतो. त्याच्या पुढच्याच वर्षी आणखी एक प्रकरण माझ्याकडे आले. डिझेल जादा, एस.एफ. ११, सगळे तेच. मी वही पाहिली, इंजिन पाहिले. काही बिघाड नव्हता. तो गडी रात्रपाळीत इंजिन चालू ठेवून तीन-तीन तास उभे करीत असे. थंडी होती, केबिन गरम राहते. मी त्याला सांगितले, बाबा, यात मी लढू शकत नाही, फक्त शिक्षा कमी करा म्हणून अर्ज लिहून देतो. तो माझ्यावर वर्षभर रागावला होता.

उभे इंजिन किती खाते? आपल्या जुन्या अल्को जातीच्या मोठ्या इंजिनाचा रेल्वेनेच दिलेला आकडा आहे, रिकामे चालू असताना तासाला सुमारे २५ लिटर. म्हणून पुढे त्यांच्यात छोटे सहायक इंजिन बसवायला सुरुवात झाली. मोठे इंजिन बंद करून बॅटरी आणि हवेचा दाब सांभाळायचे काम ते करते, आणि तासाला सुमारे ३ लिटर घेते. आठ तासांचा हिशेब करा, २०० लिटर आणि २४ लिटर. हे यंत्र बसण्याआधी अनेक वर्षे ड्रायव्हरलाच सांगितले जात होते की इंजिन बंद ठेव. पण बॅटरी दुबळी असेल आणि इंजिन पुन्हा उठले नाही तर? मग गाडी लाईनवर अडकल्याचे चार्जशीट त्याच ड्रायव्हरला. तो कोणते चार्जशीट पसंत करील ते तुम्हीच ठरवा. डिझेल खरे वाचले ते यंत्र बसवल्यावर, उपदेशाने वाचले नाही.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, ब्रॉडगेजवर जवळजवळ सगळीकडे विजेची तार आली, डिझेलचे दिवस गेले, हे पुराण कशाला? रुळावरच्या डिझेलचे दिवस गेले हे खरे. पण रस्त्यावर ऑटोमॅटिक गाड्यांचे दिवस आता आले आहेत. खात्यांच्या गाड्या तशा येत आहेत, शहराच्या बसगाड्या तशा आल्या. दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमाराला ज्या लो-फ्लोअर सीएनजी बस आल्या, त्या ऑटोमॅटिकच होत्या. आणि तुमच्या घरीही येत आहेत. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वस्त मोटारीत ऑटोमॅटिक मिळू लागली. माझ्या भाच्याने तशीच गाडी घेतली आणि पहिल्या महिन्यातच मला फोन केला, "मामा, ॲव्हरेज मिळत नाही." तेव्हा मोटारीच्या सेटिंगवर थोडे थांबून बोलतो.

भाच्याच्या गाडीत तेलाचा कन्व्हर्टर नाहीच. तिच्यात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच आहे, फक्त ते हलवायचे काम तुमच्या हातापायाऐवजी एक छोटे यंत्र करते. त्यामुळे तेलातली गळती नाही, आणि ॲव्हरेज साध्या गाडीच्या जवळपास मिळायला हवे. मग का मिळत नव्हते? तो गिअरचा दांडा बाजूला ढकलून हाताने गिअर टाकायच्या जागी ठेवत असे आणि मग गिअर बदलायला विसरत असे. यंत्राला वाटे मालक स्वतः बघतो आहे. इंजिन ओरडू लागले की मगच ते वरचा गिअर टाके. अशी गंमत.

कन्व्हर्टरच्या गाड्यांत गंमत जास्त आहे. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईल मोटारीत हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअर आला. पेट्रोल पाण्यासारखे स्वस्त, त्यामुळे ते किती जाते याची कोणाला पर्वा नव्हती. पुढच्या कित्येक गाड्यांना तीनच गिअर असत आणि त्या पूर्ण वेळ तेलावर चालत. "ऑटोमॅटिक गाडी पेट्रोल खाते" ही म्हण तिथून आली, आणि त्या काळी ती खरीच होती. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले आणि सगळ्यांचे डोळे उघडले. दोन पंखे लोखंडाने जोडणारा क्लच, म्हणजे लॉकअप, पॅकार्ड कंपनीने १९४९ सालीच बसवला होता. पण सर्वसाधारण गाड्यांत तो तेलटंचाईनंतर आला. क्रायस्लरने १९७८ मध्ये तो पुन्हा आणला. त्याच सुमाराला चौथा गिअर आला, ओव्हरड्राइव्ह. ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिन एक फेरा करते तेव्हा चाकांकडचा दांडा एकाहून जास्त फेरे करतो. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये ज्या वेगाला इंजिन ३००० फेरे घेते, त्याच वेगाला ते २१०० फेरे घेईल.

मग इंधन तीस टक्के वाचले का? नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण चौकशीत असे उलटे गणित मांडणारे भेटतात. गाडीला वारा कापायला आणि चाके ओढायला लागणारा जोर तोच राहतो. वाचते ते इंजिनाचे स्वतःचे घर्षण. पेट्रोल इंजिनात आणखी एक गोष्ट वाचते. हवा आत घेणारी झडप अर्धवट मिटलेली असली की इंजिनाला श्वास ओढायलाच जोर लावावा लागतो. कमी फेऱ्यांत तीच झडप जास्त उघडावी लागते, श्वास मोकळा होतो. सायकलवर उतरत्या गिअरात भराभर पायडल मारणारा आणि जड गिअरात सावकाश मारणारा, दोघे सपाटीवर एकाच वेगाने जातात, पण पहिल्याचे पाय नुसत्या फिरण्याने थकतात. तेवढाच फरक समजा. तो लहान असतो, पण रोजच्या शंभर किलोमीटरवर महिनाअखेर दिसतो.

तुमच्या गाडीत "ओ/डी ऑफ" असे बटण असेल आणि त्याचा दिवा पेटलेला असेल, तर वरचा गिअर पडणारच नाही. घाट चढताना किंवा ओझे असताना ते बटण दाबणे बरोबर. पण घाट संपल्यावर दिवा तसाच पेटता राहिला तर पुढचे दीडशे किलोमीटर तुम्ही डिझेल फुकट घालवाल. "पॉवर" किंवा "स्पोर्ट" लिहिलेले बटण असते, त्यात यंत्र खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवते. "इको"मध्ये वरचा गिअर लवकर पडतो, लॉकअप लवकर लागतो, आणि पाय दाबला तरी गाडी जरा आळसाने उठते. म्हणून पुष्कळ जण ती बंद करतात. आणि पाय पूर्ण दाबलात तर इको असो की काही असो, यंत्र एक-दोन गिअर खाली उतरतेच. तेव्हा बटणाइतकेच पायाचेही सेटिंग आहे.

सिग्नलला काय करावे? गाडी दहा-वीस सेकंद थांबणार असेल तर तशीच ब्रेकवर धरा. जास्त थांबणार असेल तर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा. इंजिन तेल घुसळायचे थांबते. मात्र दर पाच सेकंदांनी न्यूट्रल-ड्राइव्ह, न्यूट्रल-ड्राइव्ह करू नका, आतले क्लच झिजतात, आणि त्या दुरुस्तीपुढे वाचलेले डिझेल काहीच नाही.

आता एक गैरसमज, जो आपल्या मेल मोटरच्या जुन्या भावांच्या मनात घट्ट बसलेला आहे. कसाऱ्याच्या घाटात उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, म्हणजे डिझेल वाचते. वाचत नाही! गिअरमध्ये असताना पाय काढला की चाके इंजिनाला फिरवतात, आणि आजच्या गाडीत पंप डिझेल सोडणेच बंद करतो. न्यूट्रलमध्ये टाकलीत की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावे लागते. म्हणजे न्यूट्रलमध्येच जास्त जाते, वर ब्रेक तापतात आणि गाडी हातातून जाते ती वेगळीच. ऑटोमॅटिक गाडीत घाट उतरताना खालचा गिअर लावा. इंजिन मोठ्याने ओरडेल. ओरडू द्या, त्या आवाजात डिझेल जळत नाही.

आता मुख्य मुद्द्याला येतो. किलोमीटर-लिटरचे प्रमाण ठरवते कोण? बहुतेक ठिकाणी कंपनीच्या जाहिरातीतला आकडा, किंवा त्याच्यातून थोडे वजा करून. हा आकडा येतो कुठून? गाडी रुळांवर, म्हणजे फिरत्या लोखंडी रोलरवर, उभी करून ठरलेल्या पद्धतीने चालवतात. पुण्याची एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली संस्था, अशा चाचण्या करते. चाचणी खोटी नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ती चांगली आहे. पण त्या रोलरवर टपालाच्या पिशव्या नसतात, दर चारशे मीटरवर पोस्टपेटी नसते, गणपतीची मिरवणूक नसते. शहरात टपाल गोळा करणारी गाडी किलोमीटरवर डिझेल खात नाही, ती थांब्यांवर खाते. प्रत्येक थांब्याला मिळवलेला वेग ब्रेकमध्ये जाळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून उठायचे. कन्व्हर्टरची गाडी असेल तर प्रत्येक उठण्यात तेलाची गळती वेगळी. वीस किलोमीटरमध्ये पन्नास थांबे आणि वीस किलोमीटरमध्ये दोन थांबे यांना एकच प्रमाण लावणे हे अज्ञान आहे, आणि त्यावरून वसुली करणे हा अन्याय आहे.

कोणी म्हणेल, मग ऑटोमॅटिक नकोच, साधी गाडीच बरी. माझे मत तसे नाही. शहरात दिवसभर क्लच दाबणाऱ्या ड्रायव्हरचा डावा गुडघा पन्नाशीत काय होतो ते मी पाहिलेले आहे. आपले किती तरी सभासद जिना एकेक पायरी करून चढतात. नव्या सहा-आठ गिअरच्या, लॉकअपच्या गाड्यांत इंधनाचा फरक फार उरलेला नाही, काही गाड्यांत तर ऑटोमॅटिकच पुढे आहे. गाडी येऊ द्या. फक्त ती देताना ड्रायव्हरला दोन दिवस शिकवा. आज चावी हातात ठेवतात आणि म्हणतात, यात काही करायचं नसतं.

नियम काय म्हणतो तेही ऐका. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत, टपालात १९६५ चे सीसीएस (सीसीए) नियम. दोन्हीकडे पगारातून वसुली ही किरकोळ शिक्षांत मोडते. म्हणून आपली माणसे ती गंभीर समजत नाहीत, उत्तर द्यायचे टाळतात आणि "चूक झाली, माफ करा" असे लिहून मोकळी होतात. तसे लिहू नका. दोन्ही नियमांत वसुलीसाठी अट आहे की नुकसान त्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा हुकूम मोडल्यामुळे झालेले असले पाहिजे. डिझेल जास्त गेले एवढे दाखवून भागत नाही. तुमच्या निष्काळजीपणामुळे गेले हे दाखवायला हवे. गिअर लागत नव्हता, लॉकअप पडत नव्हता, चालीचा दांडा अडकला होता, तर निष्काळजीपणा कोणाचा? आणि शिक्षा झालीच तर अपिलाला ४५ दिवस आहेत. त्रेचाळिसाव्या दिवशी माझ्याकडे येऊ नका, पहिल्या आठवड्यात या.

आता त्या टपालवाल्या सहकाऱ्याचे काय झाले ते सांगतो. आम्ही त्यांचे लॉगबुक मागितले. त्यात त्यांनी दोनदा लिहिले होते की समोरच्या पाटीवर पिवळा दिवा पेटतो आणि मोठ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त येतो. बस्स, एवढेच. पण तेवढे पुरले. गाडी नंतर दुसऱ्याच कारणाने कारखान्यात गेली. तिथल्या कागदावर नोंद होती की गिअरबॉक्सचा एक सेन्सर निकामी झाला होता. असा सेन्सर गेला की आजच्या गाडीतले यंत्र स्वतःला जपण्यासाठी वरचा गिअर आणि लॉकअप दोन्ही बंद ठेवते. गाडी चालते, प्रवासी बसतात, कोणाला काही कळत नाही. फक्त इंजिन जास्त फेरे घेते आणि सतत तेलावर चालते. सेन्सर बदलल्याच्या तारखेआधीचे आणि नंतरचे किलोमीटर-लिटर आम्ही एका कागदावर लिहून काढले. टाकी काठोकाठ भरण्यापासून पुन्हा काठोकाठ भरण्यापर्यंतचा हिशेब, तीन-तीन वेळा, म्हणजे एखाद्या वेळी पंपावर कमीजास्त भरले गेले असे कोणी म्हणू नये. फरक समोर होता. अपिलात शिक्षा रद्द झाली.

पण त्याआधी पगारातून दोन हप्ते कापले गेले होते, ते अजून परत मिळालेले नाहीत. त्याचे तिसरे स्मरणपत्र मी परवा टाकले, टपालाने, रजिस्टर करून.

चहाच्या वेळेत बाहेरच्या टेबलावर एक छापील तक्ता ठेवलेला आहे. त्यात पाच रकाने आहेत. तारीख, मीटरचा आकडा, भरलेले लिटर, थांबे किती, आणि गाडीत काय वेगळे जाणवले. शेवटचा रकाना मोठा ठेवला आहे. "आवाज जास्त", "गिअर उशिरा पडतो", "दिवा पेटला", "थांबल्यावर धक्का बसतो" असे आपल्या भाषेत लिहा, शुद्धलेखनाची काळजी नको. एक प्रत कार्यालयाला द्या, पोच घ्या, आणि एक प्रत घरी ठेवा. ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाड्या आहेत त्यांनी गाडीचे मॉडेल आणि तिच्यात कोणकोणती बटणे आहेत ते मला लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या वर्गाला मी तयारी करून येईन. आणि तो भुसावळकरांसारखा मोत्यासारखे अक्षर असलेला कोणी असेल, तर त्याने तक्ते वाटायला माझ्याबरोबर टेबलाशी बसावे.